बॉय्ज प्लाटूनचे बूट

जमादार रघुनाथराव चव्हाण यांचं नाव आधी लिहितो. घडलं ते नंतर. मी जिवंत आहे तो त्यांच्यामुळं, आणि हे कागद माझ्या स्वतःच्या हातानं लिहितो आहे तेही त्यांच्यामुळंच. लिहिण्यात चुका असतील त्या माझ्या.

मी गणपत कदम, सातारा जिल्ह्यातल्या जावळी खोऱ्यातला. चौथीत शाळा सुटली. घरी गुरं होती आणि त्यांच्यामागं जायला मी एकटाच मोकळा होतो. मिसरूड फुटल्यावर गावातल्या एका पेन्शनरानं सांगितलं, ग्वाल्हेरच्या संस्थानी फौजेत आपली माणसं घेतात. त्यानंच गाडीत बसवून दिलं. झाशी सोडल्यावर डब्यात मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. 

ग्वाल्हेर शहरात लश्कर नावाचा भाग आहे, तिथं मराठी घरं पुष्कळ. कुणाचे पूर्वज दरबारात कारकून, कुणाचे पुजारी, कुणाचे शिपाई. पण त्यांची मराठी माझ्या कानाला निराळी लागे. 'बस' म्हणायचं तर 'बसून जा' म्हणत. मी बसू की जाऊ, असा उभाच राही. चव्हाणसाहेब त्यांच्यातलेच. त्यांचे पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर आले होते. साताऱ्याला ते कधी गेले नव्हते, तरी 'आपल्याकडे' म्हणाले की ते साताराच समजायचं.

पलटणीत एक बॉय्ज प्लाटून होती. मेलेल्या शिपायांची, पेन्शनरांची, काही कुणीच नसलेली अशी तीसेक मुलं. वय बारा ते पंधरा. त्यांना बिगुल, ढोल, शिवणकाम आणि कवायत शिकवायची, मोठी झाली की शिपाई करायचं. मी लान्स नाईक झालो आणि मला तिथं उस्ताद म्हणून लावलं. उस्ताद म्हणजे कवायत घेणारा. प्लाटूनचे अंमलदार चव्हाणसाहेब, हुद्दा जमादार, म्हणजे हवालदारांच्या वर आणि ऑफिसरांच्या खाली.

सकाळी सहाला पी.टी., मग न्याहारी, मग कवायत. दहाला शाळा. पूर्वी ही शाळा नावालाच होती, असं जुने लोक सांगत. मुलं बंगल्यांवर वाटली जात. कुणी टेनिसचे चेंडू उचलायला, कुणी मेमसाहेबांचं कुत्रं फिरवायला, कुणी गवत काढायला. फुकटची माणसं. चव्हाणसाहेबांनी ते बंद केलं. ऑफिसरांच्या तोंडावर म्हणाले, "दहा ते एक मुलं शाळेत. त्या वेळात कमांडिंग साहेबांच्या बंगल्याला आग लागली तरी मुलं नाही येणार. मी येईन."

शिकवायचे स्वतःच. सातवी पास होते. मी मुलांना वर्गापर्यंत मार्च करत आणायचो आणि दाराबाहेर उभा राहायचो. एक दिवस त्यांनी विचारलं,

"बाहेर काय करतोस?"

"ड्यूटी, साहेब."

"ड्यूटी तर झाली. रोज ऐकतोस, माहीत आहे मला. आत बसून जा."

मिशीवाला लान्स नाईक मागच्या बाकावर बसला. गुडघे बाकाखाली मावत नव्हते. मुलांना कोण आनंद झाला. सकाळी कवायतीत मी ज्यांच्यावर ओरडायचो, ती दहा वाजले की माझ्यावर उलटायची. सगळ्यात लहान दत्तू सगळ्यात आगाऊ.

"उस्ताद, सतरा सत्ते?"

"एकशे... सतरा."

"अरे बाप रे! साहेब, उस्तादांना डबल मार्च लावा ना. सकाळी आम्हाला लावला होता, मला तर चक्कर आली होती."

"दत्तू, चूप. वर्गात कुणी उस्ताद नाही. हा गणपत आहे. गणपत, एकशे एकोणीस. दहा वेळा म्हण."

मी दहा वेळा म्हटलं. तीस पोरांनी मोजलं.

हा दत्तू कामाचा नव्हता. बिगुल त्याला फुंकता येत नसे, ढोलावर ताल चुके, शिवायला बसवला तर सुईत दोरा ओवेपर्यंत तास संपे. फक्त विचारायचा. घोडे उभ्यानं का झोपतात? आरशात डावं-उजवं उलटतं तर वर-खाली का उलटत नाही? चव्हाणसाहेबांना बहुतेक उत्तरं येत नसत. ते म्हणत, "मला माहीत नाही. विचार करू." आणि दोन दिवसांनी खरंच, "मी विचार केला, मला नाही जमलं," असं सांगत. ऑफिसर सोडा, एखादा हवालदारसुद्धा असं बोललेला मी तोवर ऐकला नव्हता.

मग देश स्वतंत्र झाला आणि संस्थानं विलीन झाली. टोपीवरचा बिल्ला बदलणार, हे सगळ्यांना कळलं. टोपीखाली कोण राहणार, हे कुणालाच कळेना. काही पलटणी भारतीय सैन्यात जाणार, काही मोडणार. प्रत्येक माणसाची तपासणी होणार, आणि थर्ड क्लास सर्टिफिकेट नसेल त्याला घरचा रस्ता. म्हणजे लिहिता-वाचता येणं, हिशेब, थोडा नकाशा. मी बराकीत पाटी घेऊन बसू लागलो. शेजारच्या खाटेवर नाईक बच्चूसिंह, भिंडकडचा. त्याचं सर्टिफिकेट कधीच झालेलं होतं. तो माझी मजा बघत पडे.

"क्यों पंडत, आज क्या सीखा?"

"भागाकार."

"बढ़िया. अब राशन तू बाँटेगा, और मेरी कटोरी में दो चम्मच ज़्यादा. समझा?"

हसायचा, आणि मी अडलो की उठून दाखवायचाही.

भारतीय सैन्याची टीम पलटणीचा ताबा घ्यायला आली. त्यात एक तरुण कॅप्टन होते. नाव लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता. दिवसभर उन्हात उभे राहून सामान मोजून घ्यायचे, पाणीसुद्धा मागायचे नाहीत. त्यांच्या वाट्याला जुनं मॅगझिन आलं. संस्थानचा दारूगोळा तिथं साठवलेला. जाड भिंती, ठेंगणं छत, आणि आत टोकाला असे कोनाडे की मोठ्या माणसाला रांगतच जावं लागे. ते रिकामं करून माल रेल्वेच्या डब्यांत भरायचा होता.

मॅगझिनचा एक नियम नागरिकांना माहीत नसतो, म्हणून सांगतो. आत खिळ्यांचे बूट चालत नाहीत. शिपायाच्या बुटाला खाली खिळे आणि टाचेला लोखंडी नाल. दगडी फरशीवर ठिणगी उडाली तर संपलं. आत जायला कॅनव्हासचे बूट लागतात, आणि ते पलटणीत मोजकेच होते. बॉय्ज प्लाटूनला मात्र सगळ्यांना कॅनव्हासचेच होते. मुलांच्या मापाचे चामडी बूट संस्थानानं कधी केलेच नव्हते.

कॅप्टनसाहेब दहानंतर वर्गात आले. मुलं उठली. त्यांनी आधी मुलांचे पाय पाहिले.

"जमादार साहब, कितने हैं?"

"तीस, साहब."

"कद भी ठीक है. कल सुबह सात बजे मैगज़ीन पर. तीन-चार दिन का काम है."

"साहब, लड़के नहीं आएँगे. बड़े जवान दूँगा."

"बड़े जवान आधे तो गार्ड पर हैं. और उन कोनों में घुसेंगे कैसे?" आवाज चढलेला नव्हता. "ये लड़के राशन किसका खाते हैं?"

"सरकार का."

"तो सरकार के काम आएँ. देश नया है, साहब. आज हर एक से पूछा जा रहा है, तुम देश के किस काम के हो? मुझसे भी पूछते हैं. आपसे भी पूछेंगे."

"हमसे पूछें. हम दस्तखत करके आए हैं. इनसे अभी न पूछें."

तेवढ्यात दत्तूनं हात वर केला. मी मागून 'खाली कर' अशी खूण केली. त्यानं पाहिली नाही.

"साहब, मैगज़ीन में तो अँधेरा होगा. फिर पेटी पर लिखा हुआ पढ़ते कैसे हैं? चिराग तो ले जा नहीं सकते."

कॅप्टन हसले. खरंच मनापासून हसले. "टॉर्च से. शाबाश." मग चव्हाणसाहेबांकडे वळून म्हणाले, "ये होशियार है. इसको सबसे आगे रखना."

आणि गेले. चव्हाणसाहेबांनी खडू उचलला आणि अर्धवट राहिलेलं गणित पुरं केलं.  एकला वर्ग सुटल्यावर मला म्हणाले, "कदम, प्लाटून फॉल-इन. क्वार्टरमास्टर स्टोअरवर चल."

ताबा देण्याचे दिवस होते. जीर्ण सामान तपासायला अंमलदारांचं एक बोर्ड रोज बसे, ते कंडम ठरवी आणि जाळी. चव्हाणसाहेबांनी मुलांचे कॅनव्हासचे बूट काढायला लावले, बोर्डापुढं मांडले. शिवण उसवलेली, तळ झिजलेले; खोटं त्यात काहीच नव्हतं. बोर्डानं कंडम केले आणि इतर चिंध्यांबरोबर जाळले. मग बदली बूट मागितले. स्टोअरमध्ये लहान माप नव्हतंच. मोठ्यांचे जुने चामडी बूट मिळाले, खिळे आणि नालांसकट. पलटणीच्या मोच्यानं सगळ्या नाला नव्यानं ठोकून दिल्या. बोटांपुढं चिंध्या कोंबून मुलांनी ते घातले.

बच्चूसिंह बघायला आला होता. दत्तूला पाहून त्यानं कपाळावर हात मारला. "अबे, जूते में लड़का है कि लड़के में जूता?"

"नाईकसाहेब, चालून दाखवू?"

"चल मत, बेटा. जूता वहीं रह जाएगा, तू आगे निकल जाएगा."

सकाळी सातला मी प्लाटून घेऊन निघालो. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. तीस पोरं, साठ मोठे बूट. एक पाऊल दोनदा वाजत होतं, आधी बूट आणि मग पोरगं. शेजारच्या बराकीतले जवान दात घासता घासता बाहेर आले. मी 'थम' म्हटल्यावरही आवाज बराच वेळ थांबेना.

कॅप्टननी खाली पाहिलं. त्यांना सगळं समजलं.

"कैनवास वाले कहाँ हैं?"

"कंडम हो गए, साहब. कल बोर्ड ने जला दिए."

"तो नंगे पाँव जाएँगे."

"आप लिखकर दे दीजिए, साहब. कि लड़कों को नंगे पाँव मैगज़ीन में भेजा जाए. नीचे दस्तखत."

 असा कागद कुठलाच ऑफिसर लिहून देणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. 

"आपको मालूम है, जमादार साहब, इसका नतीजा?"

"मालूम है."

"मुझे शाम तक आज के डिब्बे भरने हैं."

"भर जाएँगे. हम भरेंगे." चव्हाणसाहेब खाली बसले आणि स्वतःचे बूट सोडू लागले. मग बघ्यांकडे वळून म्हणाले, "नंगे पाँव. जिसको आना है."

आठ जण पुढं आले. मीही बूट काढले आणि रांगेत उभा राहिलो.

"कदम, बूट घाल."

"साहेब..."

"दहाला तुझी शाळा आहे."

"मी लान्स नाईक आहे, साहेब. लहान नाही."

"परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"मग? दहा ते एक तू शाळेत आहेस. आज वर्ग तू घे. कालचे भागाकार करून घे सगळ्यांकडून. हुकूम आहे."

माझे कान लाल झाले. सगळ्या पलटणीसमोर मला पोरांत काढलं होतं. बच्चूसिंहनं मला खांद्यानं बाजूला सारलं आणि माझ्या जागी उभा राहिला. त्यानं आपले बूट माझ्या हातात दिले.

"हट पंडत. तू पढ़. बोझा ढोने को भिंड वाले बहुत हैं. और देख, पालिश मत बिगाड़ना."

कॅप्टननीही बूट काढले आणि त्यांच्याबरोबर आत गेले. हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

साडेअकराच्या सुमारास दत्तू फळ्यापाशी होता. आधी दार आपटल्यासारखा एक आवाज आला. मग दुसरा आला, तो आवाज नव्हता, जमीनच उचलली गेली. छताचा चुना खाली आला. मी ओरडलो, "डाऊन!" मुलं बाकांखाली गेली. मोठ्या मुलाला सांगितलं, कुणी हलायचं नाही. आणि धावलो.

एका कोनाड्यात जुन्या डेटोनेटरांची पेटी होती. तिचा तळ कुजला होता. उचलताना तो सुटला. कोनाड्यात बच्चूसिंह होता आणि त्याच्यामागं शिपाई रामजी भोईटे. कोनाड्याच्या तोंडाशी चव्हाणसाहेब, पेट्या पुढं देत. त्यांची दोन बोटं गेली आणि दोन्ही कान गेले. कॅप्टनचा एक हात भाजला. बाकीचे बाहेर डब्यांकडं होते. मुख्य साठा पेटला नाही. बच्चूसिंह आणि भोईटे यांना आम्ही दुपारी बाहेर आणलं. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

चौकशी बसली. तीन ऑफिसर, अध्यक्ष वयस्क. चव्हाणसाहेबांना ऐकू येईना, म्हणून प्रश्न लिहून दाखवायला माणूस हवा होता. त्यांनी मला मागितलं. चौथीत शाळा सोडलेला माणूस जमादाराच्या चौकशीत लिहायला बसला. एक एक प्रश्न मी कागदावर उतरवी आणि त्यांच्यापुढं सरकवी. ते वाचून तोंडी उत्तर देत, बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं.

कॅप्टननी साक्ष खरी दिली. म्हणाले, जमादारानं नकार दिला, मी लेखी द्यायला तयार नव्हतो, पेटीची अवस्था कुणालाच माहीत नव्हती. एवढंच.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "दो ट्रेंड जवान गए. तीस लड़के बच गए. जमादार, ये लड़के देश के किस काम के हैं?"

माझा हात थांबला. अध्यक्ष म्हणाले, "लिखो." मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. चव्हाणसाहेबांनी वाचलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि उभे राहिले.

"अभी मालूम नहीं, साहब. इसीलिए नहीं भेजा. जिनका मालूम था, वो गए थे. मैं भी गया था."



कोर्ट मार्शल झालं नाही. नव्या सैन्यात मात्र त्यांना घेतलं नाही. कानांमुळं, असं कागदावर होतं. पेन्शन बसली आणि ते लश्कर भागातल्या आपल्या घरी गेले. मी महिन्यानं परीक्षा दिली. पास झालो, सैन्यात गेलो, हवालदार होऊन निवृत्त झालो. बॉय्ज प्लाटून मोडली. काही मुलं सैन्याच्या बॉय्ज कंपनीत गेली, काही नातेवाइकांकडं, काही कुठं गेली ते कळलं नाही.

ही हकीकत सांगितली की लोक एकच विचारतात. त्या मुलांचं पुढं काय झालं? कुणी मोठा अंमलदार? कुणी डॉक्टर? म्हणजे दोन जवानांची किंमत वसूल झाली का, असं विचारतात. मी सांगत नाही. मला काहींचं माहीत आहे. दत्तूचंही माहीत आहे. चांगलं सांगितलं तर म्हणणार, बघा, उपयोग झाला. वाईट सांगितलं तर म्हणणार, उगाच गेले बिचारे. तो हिशेब मी कुणाच्या हाती देणार नाही. त्या दिवशी सकाळी सात वाजता ती मुलं होती. पुरे झालं.

पंधरा ऑगस्टला मला इथल्या, ग्वाल्हेरच्या शाळांत बोलावतात. कानात सांगतात, हवालदारसाहेब, मुलांना सांगा, देशाच्या कामी या. मी सांगत नाही. मी स्वतः देशाचं काम केलं आहे, उद्या बोलावलं तर या वयातही जाईन. पण मी मोठा होऊन, सही करून गेलो होतो. बाकावर बसलेल्या पोरानं कसलीच सही केलेली नसते. त्याला मोजायला येणाऱ्यानं आधी माझ्याशी बोलावं. एका शाळेनं यामुळं बोलवायचं बंद केलं. बरं झालं.

नाईक बच्चूसिंह, राहणार भिंडकडचा. घरी म्हातारी आई होती. बोलायला तिखट आणि हाताचा मोकळा. मला भागाकारात पुढचा अंक खाली कसा घ्यायचा ते त्यानंच शिकवलं. शिपाई रामजी भोईटे, राहणार फलटणकडचा. कमी बोलायचा, भाकरी दुधात कुस्करून खायचा. लग्न ठरलं होतं. या दोघांचं नाव कुठल्याही दगडावर नाही. लढाई नव्हती ना. म्हणून इथं लिहिलं.

मी गावी परतलो नाही. इथंच ग्वाल्हेरच्या दाल बाजारात एका आडत्याच्या वखारीवर राखणीला असतो. गोण्या उतरतात तेव्हा हमालांची पोरं सांडलेले दाणे वेचतात, आणि ज्याला गरज पडेल तो त्यांना हाक मारतो. ए, पाणी आण. ए, पोतं धर. वखारीमागं एक खोली रिकामी आहे. शेठजींशी दोनदा बोललो. दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा बोलायची भीती वाटते, नोकरी जायची. तरी बोलणार आहे.

जमादारसाहेब, त्या खोलीत रोज तीन तास पोरं बसतील आणि त्या वेळात त्यांना कुणी हाक मारणार नाही. दाराशी मी असेन. तुमचं देणं मी असं फेडीन. एवढ्यात नाही जमलं तर नंतर, पण फेडीन. ज्या दिवशी पहिलं पोर तिथं बसेल, त्या दिवशी तुमच्या घरी येईन आणि ओरडून सांगेन, तुम्हाला ऐकू येईपर्यंत.